तारणाचा हर्ष : ऑल्डर्सगेट ते केडगाव

एक्कावन्नाव्या स्तोत्रात पापाने खचलेला दावीद देवाकडे नेमके काय मागतो, हे वाचताना मी नेहमी थबकतो. तो तारण परत मागत नाही, तारणाचा हर्ष परत मागतो. म्हणजे एक शाबूत असताना दुसरे हरवू शकते. पौलानेही गलतीकरांना लिहिताना आनंदाला आत्म्याच्या फळात बसवले, तेही प्रीतीच्या लगेच नंतर. फळ झाडाला लागते. फळ दाखवून कोणी झाड लावायची परवानगी मागत नाही. असे असूनही प्रॉटेस्टंट इतिहासात आनंद हा अनेकदा पुरावा म्हणून मागितला गेला. हर्ष झाला नसेल तर तारणही झाले नाही, असा हिशेब. (मराठीत सावकाराकडे दागिना ठेवतात त्यालाही तारणच म्हणतात, हा योगायोग इथे फारच बोलका आहे.) या मागणीचा एक धागा इंग्लंडहून थेट पंडिता रमाबाईंपर्यंत येतो.

सुरुवात जॉन वेस्लीपासून करावी लागते, कारण त्याची कथा बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. १७३६च्या जानेवारीत अमेरिकेतील जॉर्जियाकडे निघालेल्या जहाजाचे शीड वादळात फाटले, तेव्हा हा इंग्लिश पाद्री मरणाच्या भीतीने गळाला. त्याच जहाजावरची मोरेव्हियन पंथाची जर्मन मंडळी मात्र शांतपणे स्तोत्र गात राहिली. ते गाणे त्याच्या मनातून गेले नाही. पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत, रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, आपल्या अंतःकरणात ऊब आल्याचे त्याला जाणवले. मेथडिस्ट मंडळी हा दिवस अजून पाळतात. पण रोजनिशीत तो लगेच पुढे लिहितो की थोड्याच वेळात शंका आली : हा विश्वास असेल, तर आनंद कुठे आहे? त्यावर त्याला मिळालेले उत्तर असे की शांती आणि पापावरचा जय विश्वासाबरोबर येतातच. हर्षाची उसळी मात्र देव कधी देतो, कधी राखून ठेवतो. हे कळूनही जानेवारी १७३९मध्ये तो पुन्हा घसरला. आपल्यात प्रीती नाही, आनंद नाही, तेव्हा आपण ख्रिस्तीच नाही, अशी नोंद त्याने केली. पुढे १७६८च्या एका पत्रात मात्र त्याने स्पष्ट सांगितले, की देवाने आपल्याला स्वीकारल्याची जाणीव असणे ही खऱ्या विश्वासाची अट आहे, असे आपण कित्येक वर्षांपासून मानत नाही. मला हा पत्रातला वेस्ली अधिक जवळचा वाटतो. पंथ मात्र ऑल्डर्सगेटच्या वेस्लीवर वाढला.

कॉर्नवॉलच्या कथील-तांब्याच्या खाणींच्या मुलखात तो चांगलाच रुजला. तिथल्या बाल्डू गावचा पाद्री विल्यम हॅस्लम हा मेथडिस्ट नव्हता. उलट चर्चची परंपरा आणि विधी मानणारा कडक अँग्लिकन होता. त्याचा माळी क्षयाने आजारी पडला आणि मरणाच्या दारात असताना, चर्चबाहेरच्या उपासकांच्या रीतीने, पापक्षमेची खात्री पटून आनंदित झाला. पाद्रीबुवांना हा विश्वासघात वाटला. पुढे १८५१मधल्या एका रविवारी उपदेश करता करता स्वतःच्याच बोलण्याने हॅस्लमचे डोळे उघडले. त्याचा बदललेला चेहरा पाहून श्रोत्यांतला एक स्थानिक उपदेशक ओरडला, की पाद्रीचेच परिवर्तन झाले! सारे चर्च स्तुतीच्या आरोळ्यांनी दुमदुमले. हॅस्लमने पुढे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मकथन लिहिले.

हेच पुस्तक रमाबाईंच्या हाती आले. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झालेला होता. त्या काळातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांवर बाई एखाद्या शास्त्र्याच्या तयारीने वाद घालतात. हॅस्लम वाचल्यावर त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, तारण आजच मिळते, ते पुढे कधीतरी मिळायचे नसते, हे त्यांना उमगले. आणि आपण आनंदाने भरून गेलो, असे त्या १९०७च्या आपल्या आत्मनिवेदनात सांगतात.

हे निवेदन घटनेनंतर सोळा-सतरा वर्षांनी लिहिलेले आहे आणि त्याची घडण हॅस्लमसारख्यांच्या साक्षींची आहे, हे संशोधकाने विसरू नये. तरीही ‘आजच’ हा मुद्दा उसना वाटत नाही. त्याच निवेदनात बाई सांगतात, की ज्या धर्मग्रंथांवर आपण वाढलो त्यांत स्त्रीला स्त्री म्हणून मोक्ष नव्हता. पतीची सेवा करावी आणि पुढचा जन्म बरा मिळेल अशी आशा धरावी. हॅस्लमचा आनंद शंका फिटल्याचा होता. रमाबाईंचा आनंद वाट पाहणे संपल्याचा होता. त्यांच्या धर्मांतरावर मराठीत रणे माजली, १८९३मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. पण या बाईला झालेला आनंद कशाचा, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. केडगावच्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’ ठेवले, त्यातच उत्तराचा बराचसा भाग होता.

१९०५च्या जूनअखेरीस त्याच मुक्तीत जागृती झाली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली पापे कबूल करीत रडू लागल्या. रडणे ओसरल्यावर गाणे, टाळ्या, नाचणे. काही मिशनऱ्यांना हे फाजील वाटले. बाईंची भूमिका अशी, की हिंदी माणसांचा स्वभाव देवानेच घडवला आहे, तर त्यांच्यातली जागृती त्यांच्या स्वभावाला धरूनच यावी, पाश्चात्त्य साच्यात नव्हे. म्हणजे वेस्लीला जो आनंद आपल्यात नाही म्हणून छळत होता, तोच केडगावी फार झाला म्हणून तक्रार! बाईंनी मुलींचा आनंद थांबवला नाही. त्यांची स्वतःची रीत मात्र निराळी होती. ३० जूनला त्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांत स्वरात समजावून सांगत होत्या. मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणे थांबवावे लागले.