‘नॉर्मल’ म्हणजे काटकोनातला : एका लॅटिन विशेषणाचा इतिहास



उतारावरच्या ठोकळ्याचा फ्री बॉडी डायग्राम काढताना दरवर्षी काही जण ‘नॉर्मल रिअ‍ॅक्शन’चा बाण सरळ वर काढतात. नॉर्मल म्हणजे नेहमीसारखी, असा समज. दोष फक्त त्यांचा नाही. शब्दच बदलून बसला आहे.

लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. इ.स.पू. पहिल्या शतकातला व्हिट्रुव्हिअस ३, ४ आणि ५ फुटांच्या पट्ट्या जोडून तो अचूक कसा करायचा ते सांगतो आणि श्रेय पायथागोरसला देतो. या नामाला ‘-आलिस’ प्रत्यय लागून ‘नॉर्मालिस’ झाले : गुण्यात बसणारा, काटकोनी. (नामात आधीच ‘ल’ असेल तर प्रत्यय बहुधा ‘-आरिस’ होतो. म्हणून ‘रेगुला’, म्हणजे सरळपट्टी, तिच्यापासून ‘रेगुलारिस’; आपले ‘रेग्युलर’ तेच. दोन्ही शब्द सुताराच्या पेटीतले!)

मराठीत चांगला, चांगली, चांगले अशी तीन रूपे होतात; इथे दोनच. पुल्लिंगी ‘आंगुलुस’ (कोन) आणि स्त्रीलिंगी ‘लिनेआ’ (रेषा) या दोघांनाही ‘नॉर्मालिस’, नपुंसकलिंगी ‘प्लानुम’ला (प्रतल) मात्र ‘नॉर्माले’. विशेषण नामाची विभक्तीही घेते. पहिल्या शतकातला क्विंटिलिअन वक्त्याने डावा हात कितपत उचलावा हे सांगताना जवळजवळ काटकोन होईल इतका, असे म्हणतो. तिथे कोन कर्म असल्याने रूप येते ‘नॉर्मालेम’.

‘नॉर्मा’ला नियम हा लाक्षणिक अर्थ सिसेरोच्या काळीच होता. होरेस एका शेतकऱ्याला ‘आब्नॉर्मिस’ म्हणतो, पण कौतुकाने : कुठल्याही पंथाच्या चौकटीत न बसणारा शहाणा. १७९४ साली पॅरिसमध्ये ‘एकोल नॉर्माल’ निघाली, ती शिक्षक घडवण्यासाठी. तिथे अर्थ आदर्श, नमुन्याचा. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्यकात ‘नॉर्मल’ म्हणजे निरोगी झाले, मग संख्याशास्त्रात घंटेसारख्या वक्राला हेच नाव पडले. आदर्श, निरोगी आणि सरासरी, तिन्ही एकाच शब्दात! माझ्या मते खरा घोटाळा इथे झाला. हे नाव रूढ करणाऱ्यांपैकी कार्ल पिअर्सन यांनीच १९२० मध्ये कबूल केले, की या नावामुळे बाकीची वितरणे ‘अ‍ॅबनॉर्मल’ आहेत असा लोकांचा समज होतो. तोवर उशीर झाला होता.

तुमच्या आकृतीपुरते सांगायचे तर गुण्याची एक बाजू उताराला टेकवा. दुसरी बाजू जिकडे जाते, तिकडे बाण काढा.