महापौराकडे पोलीस कसे आले

मुंबईच्या महापौराला पोलीस आयुक्ताची बदली करता येत नाही. तो कारभार मंत्रालयातल्या गृहखात्याचा. इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टरमध्ये मात्र 2017 पासून पोलीस दलाचा प्रमुख नेमायचा आणि वेळ पडली तर घरी पाठवायचा अधिकार लोकांनी थेट निवडून दिलेल्या महापौराकडे आहे. तिथल्या वर्तमानपत्रांनी याला नवा प्रयोग म्हटलं. पण या अधिकाराचं घराणं बरंच जुनं आहे.

मूळ पुरुष 1835 सालचा. त्या वर्षीच्या नगरपालिका कायद्याने शहरोशहरी नगरसेवकांची ‘वॉच कमिटी’ आली. शिपाई भरायचे, काढायचे, त्यांना हुकूम सोडायचे, सगळं तिच्याकडे. 1890 मध्ये लिव्हरपूलच्या कमिटीने पोलीसप्रमुखाला शहरातल्या कुंटणखान्यांवर सरसकट कारवाई करायला सांगितलं. असं केल्याने धंदा बंद न होता शहरभर पसरेल, असं त्याचं मत होतं; पण हुकूम तो हुकूम. लंडन यातून वगळलेलं होतं. रॉबर्ट पीलने 1829 मध्ये उभं केलेलं तिथलं दल थेट गृहमंत्र्याच्या हाताखाली, आणि तेही 2000 सालापर्यंत.

कमिट्यांना लगाम बसला तो नॉटिंगहॅममुळे. तिथला चीफ कॉन्स्टेबल (नावावर जाऊ नका, हा अख्ख्या दलाचा प्रमुख) कॅप्टन पॉपकेस याने 1959 मध्ये काही नगरसेवकांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी लावली. खटला भरण्याइतकं काही निघालं नाही. मग कमिटीने त्या चौकशीचा अहवाल मागितला. पॉपकेसने साफ नकार दिला: गुन्ह्याचा तपास हा कमिटीचा विषयच नाही. कमिटीने त्याला निलंबित केलं. गृहमंत्री बटलर मध्ये पडले आणि त्याला पुन्हा खुर्चीवर बसवावं लागलं. ज्यांची चौकशी झाली त्यांच्याच सहकाऱ्यांनी अहवाल मागावा, यातली गोम कुणालाही कळेल. पण पोलीस कुणालाच उत्तर देणार नसतील तर काय, हा प्रश्नही तितकाच खरा होता. रॉयल कमिशन बसलं आणि 1964 च्या कायद्याने वॉच कमिट्या गुंडाळल्या. त्यांच्या जागी आलेल्या पोलीस प्राधिकरणांत दोनतृतीयांश नगरसेवक, एकतृतीयांश मॅजिस्ट्रेट. सभ्य, सावध आणि लोकांना फारशी ठाऊक नसलेली ही मंडळं जवळपास पन्नास वर्षं चालली.

मग लंबक उलटा फिरला. नोव्हेंबर 2012 मध्ये लंडन सोडून इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांवर देखरेखीसाठी एकेक कमिशनर थेट निवडला गेला. मतदान जेमतेम 15 टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात तर एका केंद्रावर दिवसभरात एकही मत पडलं नाही. लोकांना नावंच माहीत नसतील, तर त्यांनी जाब कुणाला विचारायचा?

मँचेस्टरचा मार्ग इथून निघाला. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी 2014 मध्ये तिथल्या दहा कौन्सिलांशी सौदा केला: थेट निवडलेला महापौर घ्या, अधिकार आणि पैसा मिळेल. पोलीस कमिशनरचं पद त्यातच विलीन झालं. मे 2017 मध्ये अँडी बर्नहॅम निवडून आले. प्रमुखाची नेमणूक, दलाचं अंदाजपत्रक, पोलीस योजना आणि कौन्सिल टॅक्सच्या बिलात पोलिसांसाठी येणारी वेगळी ओळ, हे सगळं महापौराच्या सहीने. अमक्याला पकडा, तमक्याला सोडा, हे मात्र तो सांगू शकत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये तपासणी यंत्रणेने ठपका ठेवला: या दलाने वर्षभरात सुमारे 80,000 गुन्हे नोंदवलेच नाहीत. प्रमुख पायउतार झाले. साडेतीन वर्षं देखरेख तर महापौराकडेच होती, असं विरोधकांनी ऐकवलं आणि ते रास्तच होतं. तरी माझ्या मते या व्यवस्थेचा खरा गुण इथेच दिसला: बोट कुणाकडे दाखवायचं हे मतदाराला नेमकं ठाऊक होतं. त्याने 2021 मध्ये बर्नहॅमना पुन्हा निवडून दिलं, ही गोष्ट वेगळी.

वाटा सगळीकडे सारख्या नाहीत. वेस्ट मिडलंड्समध्ये सरकारने कमिशनरचे अधिकार महापौराकडे द्यायचं ठरवलं, तेव्हा तिथले कमिशनर सायमन फॉस्टर कोर्टात गेले. लोकांपुढे पुरेशी माहिती न ठेवताच त्यांचं मत मागवलं, म्हणून मार्च 2024 मध्ये हायकोर्टाने निर्णय बेकायदा ठरवला आणि मे महिन्यात कमिशनरची निवडणूक घ्यावीच लागली. लिव्हरपूलची अडचण नकाशाची आहे. महापौराच्या हद्दीतलं हॉल्टन पोलिसांच्या लेखी शेजारच्या चेशायर दलात मोडतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने जाहीर केलं की मे 2028 मध्ये कमिशनरची पदं मोडीत निघतील. शक्य तिथे त्यांचे अधिकार महापौराकडे जातील. जिथे महापौर नाही, तिथे कौन्सिलांच्या नेत्यांची मंडळं बसतील.