गडाची वाट आणि तिची निगा

मंदिराचा इतिहास सांगताना गाभारा, शिखर व कळस यांचे वर्णन होते; परंतु देवापर्यंत नेणाऱ्या वाटेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. इंझोरी परिसरातील भाविकांना माहूरगड नवा नाही. रेणुकामाता, दत्तप्रभू आणि अनसूयामाता यांची स्थाने तेथे वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेत हजारो भाविक त्या डोंगरवाटा चालतात. अशी वाट एकदा बांधून भागत नाही, ती दरसाल राखावी लागते.

वणीच्या सप्तशृंगी गडावर सरदार दाभाडे घराण्यातील उमाबाईंनी इ. स. १७१० मध्ये सुमारे ४७० पायऱ्या बांधविल्या, असे सांगतात. २०१८ साली तेथे फ्युनिक्युलर रेल्वे सुरू झाली, तरी पायऱ्यांनी चढणारे भाविक आहेतच. रायगड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव जगदीश्वराच्या मंदिरातील पायरीवर कोरविले. ते कळसाजवळ नाही, भक्तांच्या पायाखाली आहे.

याउलट १८१८ साली इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. वाट तुटली की किल्ला आपोआप ओस पडतो, हे त्यांनी ओळखले होते. आज त्याच किल्ल्यांवर हौसेने जाणारे तरुण सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून वाटा मोकळ्या करतात.

वाटेचा खरा शत्रू पाणी होय. पावसाचे पाणी पायरीमागे मुरते, खालची माती वाहून जाते आणि भक्कम दगडही डळमळू लागतो. सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप तो दगड उचलून टाकते. कोणी पायऱ्या सोडून आडवाट पाडली, तर पहिल्याच पावसात तिचा ओहोळ होतो. म्हणून मृगापूर्वी पाण्याच्या चऱ्या उपसणे, रोपे मुळासकट काढणे आणि निखळलेला दगड त्याच वर्षी बसविणे, एवढे केले तरी वाट पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले श्री संत गाडगेबाबा गावात शिरताच खराट्याने रस्ता झाडू लागत. त्या कामाच्या कोनशिला कोठे नाहीत.

जीर्णोद्धारासाठी दानशूरांचे हात नेहमीच पुढे येतात. त्या देणगीतील थोडा वाटा दरसालच्या निगेसाठी राखून ठेवला आणि घरटी एक माणूस वर्षातून एक दिवस वाटेसाठी आला, तर पुढच्या पिढीवर पुन्हा जीर्णोद्धाराची वेळ लवकर येणार नाही.