पंपाची वीज

गेमिंग कन्सोल पाण्यानं थंड करणाऱ्यांचा इतिहास सांगताना लोक तांब्याच्या ब्लॉकवर आणि रेडिएटरवर थांबतात. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा माणूस. मला या इतिहासातला मोठा पेच पंपाच्या विजेचा वाटतो. पंप थांबला की ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी तापत जातं.

सुरुवातीच्या हौशी संगणकवाल्यांनी मत्स्यालयाचे पंप वापरले. जर्मन एहाइमचा 1048 घ्या: तासाला 600 लिटर, 10 वॅट, आणि चालणार घरातल्या 230 व्होल्टवर. संगणकाचं बटण एक, पंपाचं दुसरं. विसरभोळ्यांसाठी मग रिले आला. संगणकाच्या 12 व्होल्टनं त्याची कॉइल ओढली जाई आणि पंपाला घरची वीज मिळे. पुढे लाइंग कंपनीचे 12 व्होल्टचे छोटे पंप आले आणि भिंतीची वायर सुटली.

22 नोव्हेंबर 2005 ला अमेरिकेत एक्सबॉक्स 360 आला. ग्राफिक्स चिपच्या डोक्यावर डीव्हीडी ड्राइव्ह, त्यामुळे तिच्या हीटसिंकला उंचीच मिळाली नाही. वारंवार तापून-निवून चिपच्या आतले जोड तडकत आणि समोर तीन लाल दिवे लागत. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पाण्याकडे वळणाऱ्यांना आणखी कारण नको होतं.

आता वीज. या कन्सोलला वीज देणारा बाहेरचा ठोकळा म्हणजे ब्रिक. पहिल्या ब्रिकवर 203 वॅट लिहिलेलं असे: 12 व्होल्टला 16.5 अँपिअर, शिवाय स्टँडबायचे 5 व्होल्ट, 1 अँपिअर. ऐन खेळात कन्सोल भिंतीतून साधारण 160 ते 190 वॅट घेई, त्यातले काही ब्रिकच्याच उष्णतेत जात. म्हणजे 10 वॅटचा पंप आणि दोन पंखे मावत. ब्रिकच्या वायरींची रचना मला फार आवडते. पिवळी 12 व्होल्टची, लाल स्टँडबायची, काळी ग्राउंड. निळीवर कन्सोलनं इशारा दिला की मगच पिवळीत वीज येते. पिवळीवर जोडलेला पंप त्यामुळे कन्सोलबरोबरच उठतो आणि त्याच्याबरोबरच झोपतो. रिलेचं काम त्या एका निळ्या वायरीनं केलं.

अनेकांनी पंप सरळ पंख्याच्या सॉकेटवर लावले. तिथलं व्होल्टेज तापमानाप्रमाणे वरखाली होतं. थंड कन्सोलवर ते इतकं कमी असतं की पंप फिरतच नाही. फ्यूज न घालणं तर त्याहून वाईट. शॉर्ट झाल्यावर 16 अँपिअर सोडू शकणाऱ्या ब्रिकपुढे बारीक वायर जळून जाते.

आपल्याकडे हा कन्सोल अधिकृतपणे 2006 च्या सप्टेंबरात आला, पण अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेलेही होते. त्यांचे ब्रिक 127 व्होल्टपर्यंतचे. त्यांना आधी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, पंपाचा विचार नंतर.

चिपा लहान होत गेल्या तसे ब्रिक 175 आणि मग 150 वॅटवर आले. 2010 च्या स्लिममध्ये दोन्ही मुख्य चिपा एकत्र झाल्या, ब्रिक 135 वॅटचा झाला आणि पाण्याची गरज जवळजवळ संपली. जुन्या कन्सोलला पाणी लावायला कुणी आलं की मी पहिल्यांदा ब्रिकचं लेबल वाचायला सांगतो. मोठ्या वॅटचा जुना ब्रिक नंतरच्या जाड कन्सोलला बसतो. उलटं करायला गेलं तर प्लगमधली खाचच अडवते.