करारनाम्यातला सर्व्हे नंबर

वारज्यातल्या तुमच्या फ्लॅटच्या करारनाम्यात एक सर्व्हे नंबर आहे. त्यावर बोट ठेवा.

पायाखालची फरशी जाते, ढेकळं लागतात. पेशवाई आहे. मुठेकाठचं हे रान तुमची वंशपरंपरेची मिरास. त्याला नंबर नाही. ओढा आणि आंबा याच त्याच्या खुणा. मिरास विकता येते, पण भाऊबंदांची संमती आणि पाटील-कुलकर्ण्यांसह गावाची साक्ष लागते.

साखळी खळखळते. इंग्रजांचा मोजणीदार बांधावर दगड रोवतो, नकाशात आकडा घालतो. १८६५ च्या कायद्याने त्या आकड्याचा कब्जा विकता येऊ लागतो. गावाला विचारायची गरज उरत नाही. सारा भरायला तुम्ही सावकाराच्या ओट्यावर बसता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधा रोखा तीन वर्षांत निकामी होतो, म्हणून तो पुन्हा लिहिला जातो आणि थकलेलं व्याज मुद्दलात जातं. शेवटी दारात कोर्टाचा बेलीफ उभा राहतो. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या वह्या जाळतात. १८७९ चा कायदा मग सांगतो: खास गहाण लिहून दिली नसेल, तर कर्जापायी जमीन विकायची नाही.

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळकायद्याने कसणारं कूळ मालक होतं. त्याच कायद्याने कलेक्टरच्या परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही.

१९९७. वारजे महापालिकेत येतं. ‘एनए’ म्हणजे बिगरशेती झाली की तीच जमीन कुणालाही विकता येते. आता हिशेब गुंठ्यांचा: चाळीस गुंठ्यांचा एकर, १०८९ चौरस फुटांचा गुंठा. रस्त्याला दिलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर मिळतो: बांधकामाचा हक्क मातीपासून सुटतो आणि एकटाच बाजारात जातो.

फरशी परत येते. आता खाली उतरा आणि वारज्याच्या नागरी वनापर्यंत चाला. ही टेकडी उजाड होती, अतिक्रमणाच्या तोंडाशी होती. वनखात्याने आणि नागरिकांनी इथे झाडं वाढवली. १९८० च्या वन कायद्यानुसार केंद्राच्या मंजुरीशिवाय ही जमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही, म्हणून झाडांना वाढायला वेळ मिळाला.

सावलीत थांबा. समोर इमारती, पाठीशी रान. मधली रेघ कायद्याने आखली आहे. ती पुसायचा प्रस्ताव येईल, तेव्हा हरकत नोंदवायला तुम्ही जा.