‘अ‍ॅम्बिशस’ : एका विशेषणाची पायपीट

तौलनिक साहित्याच्या तासाला ‘ज्युलियस सीझर’ (१५९९) घेतले की आम्हांला हटकून एक अडचण येते. सीझर ‘अ‍ॅम्बिशस’ होता म्हणून आपण त्याला मारले, असे ब्रूटस सांगतो. आम्ही फळ्यावर ‘महत्त्वाकांक्षी’ असे लिहितो आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. महत्त्वाकांक्षी असण्यात गुन्हा तो कोणता?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर रोमच्या रस्त्यांवर सापडते. लॅटिन ‘अँबिरे’ म्हणजे सभोवार फिरणे. निवडणुकीस उभा राहणारा रोमन गृहस्थ खडूने उजळलेला पांढरा टोगा पांघरून फोरममध्ये हिंडे, लोकांचे हात हाती घेई. समोरून येणाऱ्याचे नाव सोबतचा गुलाम त्याच्या कानात सांगे. हे मतांसाठीचे फिरणे म्हणजे ‘अँबितिओ’. त्याच धातूपासून झालेला ‘अँबितुस’ हा मात्र गुन्हा : लाच देऊन मते मिळवणे. (‘कँडिडेट’ हा शब्दही त्या पांढऱ्या, ‘कान्दिदुस’ टोग्यावरून आला. आपला ‘उमेदवार’ फारसी ‘उमेद’वरून, म्हणजे आशेवरून. त्यांनी कपडे पाहिले, आपण मन पाहिले, असे गमतीने म्हणता येईल.)

फिरणे कोठे संपते आणि गुन्हा कोठे सुरू होतो, हे रोमलाही नीट ठरवता आले नाही. इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल असलेल्या सिसेरोने ‘अँबितुस’विरुद्ध कडक कायदा करून दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा आणली. त्याच वर्षी पुढील कॉन्सल म्हणून निवडून आलेल्या मुरेनावर हाच आरोप आला. आरोप करणाऱ्यांत निवडणूक हरलेला सुल्पिसियस होता, कॅटोही होता. आणि मुरेनाच्या बचावाला उभा राहिला स्वतः सिसेरो! मुरेना सुटला. सिसेरो स्वतः ‘नवा माणूस’, ज्याच्या घराण्यात पूर्वी कोणी कॉन्सल झाले नव्हते. दारोदार फिरल्यावाचून अशा माणसाला वर येणे शक्य नव्हते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा पायांची हालचाल गळाली होती, संशय तेवढा उरला होता. पुढे तोही विरला आणि विशेषण स्तुतिपर झाले. मराठी ‘महत्त्वाकांक्षी’ आज याच उजळ अर्थाने रुळला आहे. सरकारी प्रकल्पसुद्धा महत्त्वाकांक्षी असतात. पण सर्वांच्या बाबतीत तो उजळलेला नाही. स्थळ सांगताना ‘मुलगा महत्त्वाकांक्षी आहे’ हे कौतुकाने सांगितले जाते. ‘मुलगी फार महत्त्वाकांक्षी आहे’ म्हणताना आवाज खाली येतो. ब्रूटसचा अर्थ समजावून द्यायला आम्ही आता हेच उदाहरण देतो, आणि वर्गातल्या मुलींना तो लगेच कळतो.

अनुवादाचा प्रश्न मात्र सुटत नाही. ‘सत्तालोलुप’ लिहिले तर ब्रूटसचा आरोप उभा राहतो. पण त्या शब्दाचा निकाल आधीच लागलेला असल्याने अँटनीला तो उलटवायला जागा उरत नाही. म्हणून सध्या आम्ही फळ्यावर ‘अ‍ॅम्बिशस’ तसाच ठेवतो आणि निम्मा तास रोममध्ये घालवतो.