पंचविसावा पैसा

आमचं किराणा दुकान कऱ्हाडला होतं. गल्ल्यावर आजोबा. गूळ अठरा रुपये मण असेल आणि कुणी अडीच शेर मागितला, तर तागडी स्थिर व्हायच्या आत ते आकडा सांगत: "एक रुपया दोन आणे." कसं कळलं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यात कळायचं काय? अठरा रुपये मण, म्हणजे अडीच शेराला अठरा आणे."

मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा. चाळिसाला सोळांनी भागलं की अडीच. हे मला हायस्कुलात गेल्यावर, कागदावर मांडून दिसलं. आजोबांनी ते कधीच मांडलं नव्हतं. त्यांनी पंतोजींपुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आणि छड्या तिच्यापायीच जास्त पडलेल्या. त्या छड्यांच्या गोष्टी ते रंगवून सांगत, पण गुळाच्या हिशेबाशी छडीचं काही नातं असेल हे त्यांना पटत नसे. हिशेब तो हिशेबच, डोळ्यांना दिसतो तसा!

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. तोवर रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. त्या दिवसापासून १०० नये पैसे. जुनी नाणीही चालूच होती, त्यामुळे गल्ल्यात दोन राज्यं एकत्र नांदू लागली. आणा पडे सव्वासहा नव्या पैशांना, पण पाव पैसा कुठल्याच टांकसाळीने पाडला नव्हता. वडिलांनी भिंतीवर तक्ता लावला: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५.

आजोबा त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "एका आण्याचे सहा, तर चार आण्यांचे चोवीस. हा पंचविसावा कुठून आला?"

वडिलांनी सव्वासहा समजावून सांगितलं. सवायकी ज्यांना झोपेतही येई त्यांनाच! पण प्रश्न पाढ्याचा नव्हताच. आण्याआण्याची चहापूड रोज नेणाऱ्या एका बाईंनी मात्र चार दिवसांत एक पैसा वाचतो हे लगेच हेरलं. एकदम चार आण्यांची पूड त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही.

जे उघड असतं ते एरवी हाती लागत नाही. तपासायचं तर असं, ते मोडत असताना. त्या उन्हाळ्यात आजोबा बोटं मोजताना मी पहिल्यांदा पाहिले. मी नऊ वर्षांची. शंभराचा हिशेब मला सोपा जाई, म्हणून मी फुशारकीने म्हटलं, "त्यात कळायचं काय?" ते काही बोलले नाहीत. गल्ला मात्र त्या दिवशी लवकर मिटला.

पुढल्याच वर्षी ऑक्टोबरात किलोची वजनं यायला लागली. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हळूहळू माळ्यावर गेला. चार आण्यांचं म्हणून उरलेलं पंचवीस पैशांचं नाणंही जून २०११ अखेर बंद झालं. पण मंडईत मी आजही पावशेर मिरच्या मागते आणि भाजीवाला बिनदिक्कत २५० ग्रॅम घालतो. आजोबांच्या पावशेरापेक्षा हा सतरा ग्रॅमनी जाडा आहे.